लांब नावांचा वैशाख

वैशाख लागला की आमच्या डोणगावच्या आसपासची शेते उघडी पडतात. कपाशीच्या पळाट्या उपटून झालेल्या असतात, तुरीचे खुंट निघालेले असतात, आणि वर्षभर पिकांआड दडलेल्या पांदणी, म्हणजे शेतात गाडीबैल नेण्याच्या जुन्या सार्वजनिक वाटा, पुन्हा डोळ्यांस दिसू लागतात. या दिवसांत जमिनीला काही लपवता येत नाही. कोणाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, सरकला, कोणाचा नांगर वाटेत शिरला, कोणी बांधावरचे निंब तोडून तिथे काटेरी तार ओढली, हे सारे उन्हात स्पष्ट दिसते. आणि हे दिसू लागले की माझा उजवा हात आजही आपोआप कागदाकडे जातो.

परवा कूलर माळ्यावरून खाली उतरवला. त्यात नवे गवत भरून पाणी सोडले, तेव्हा त्या ओल्या गवताचा वास साऱ्या घरात पसरला आणि मी होतो तिथेच खुर्चीत बसलो. तीन वर्षांपूर्वीचा वैशाख याच वासात गेला. त्या वैशाखात मी घराबाहेर फारसा पडलोच नाही. पडदे ओढलेल्या खोलीत, संगणकाच्या काळ्या पडद्यावर सरकणाऱ्या पांढऱ्या ओळी पाहत बसून होतो; आणि माझ्या डोळ्यांदेखत हजारो फायली एका दूरच्या यंत्रावरून दुसऱ्या दूरच्या यंत्रावर जात होत्या. यांपैकी एकही यंत्र मी कधी पाहिलेले नाही. एक परदेशात आहे, दुसरे मुंबईकडे कुठेतरी आहे, एवढीच माहिती.

माझी सारी नोकरी दिवाणी न्यायालयाच्या नक्कल विभागात झाली. निकालपत्रे, हुकूमनामे, साक्षीपुरावे यांच्या नकला तयार करणे आणि त्यांची रुजवात घेणे, हे माझे काम. रुजवात म्हणजे काय, हे आता कोणाला सांगावे लागते. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचे, आणि शेवटचा पूर्णविराम जुळल्याखेरीज ‘खरी नक्कल’ हा शिक्का उचलायचा नाही. निवृत्तीनंतर शिक्का गेला, सवय उरली. मग मी पत्रे लिहू लागलो. नळाला पाणी नाही म्हणून, थांब्यावर छप्पर नाही म्हणून, कलम लावून, मुदत देऊन, रजिस्टर पोस्टाने. पोचपावत्यांचा एक डबा भरला आहे. उत्तरे एका लिफाफ्यात मावतात. त्या अनुत्तरित पत्रांचा संताप मी इतकी वर्षे अंगावर वागवला आहे की आता संताप कुठे संपतो आणि थकवा कुठे सुरू होतो, ते मला सांगता येत नाही.

याच संतापातून पांदणीचे काम निघाले. गावोगाव वाटा नांगरल्या जात होत्या आणि दप्तरातील नकाशे अपुरे होते. मात्र त्या वाटांनी साठ साठ वर्षे चाललेली माणसे अजून हयात होती. सार्वजनिक हक्काबाबत, वाद उपस्थित होण्यापूर्वी, जाणत्या माणसाने काही सांगितले असेल, तर त्याच्या मृत्यूनंतरही ते पुराव्यात घेता येते, अशी तरतूद कायद्यात आहे. ही तरतूद किती सुंदर आहे, हे मी कितीजणांना समजावले! मेलेल्या माणसाचे ऐकून घेण्याची सोय कायद्याने करून ठेवली आहे. मग मी मेहकर आणि लोणार तालुक्यांतील गावे पालथी घातली. एसटीने जायचे, पारावर बसायचे, म्हाताऱ्यांना शोधायचे आणि फोनवर त्यांचे निवेदन ध्वनिमुद्रित करायचे. त्यासोबत वाटेची छायाचित्रे, उताऱ्यांच्या प्रती, हाताने काढलेले नकाशे. हे सारे एका कंपनीच्या दूरस्थ यंत्रावर ठेवले होते. दरम्यान फोन बदलला, मूळ ध्वनिमुद्रणे पुसली गेली. यंत्रावर आहे म्हणजे सुरक्षित आहे, असे मी धरून चाललो.

त्या संग्रहात माझा एक नियम होता. निवेदन देणारा वारला, असे कळले की मी त्याच्या फाइलचे नाव बदलत असे. आधी नुसते ‘संपतराव यांचे निवेदन’ असेल, तर पुढे ते ‘कैलासवासी संपतराव यांनी हयातीत स्वखुशीने दिलेले पांदणीबाबतचे निवेदन’ असे होई. कै. असे संक्षिप्त रूप मी कधीही वापरले नाही. जाणाऱ्याचे नाव आखडू नये, असे मला वाटे. शिवाय ‘हयातीत’ आणि ‘स्वखुशीने’ हे दोन्ही शब्द कायद्याच्या दृष्टीने आवश्यक होते. तेराव्या दिवशीच्या तेरवीच्या जेवणाला जाणे मला जमत नसे; संध्याकाळी संगणकासमोर बसून ते एक नाव लिहिणे, हीच माझी तेरवी.

आणि मग ती नोटीस आली. सेवा बंद होत आहे. अमुक तारखेस दुपारी बारापर्यंत आपला मजकूर हलवावा. त्यानंतर तो कायमचा पुसला जाईल. मी तीन पत्रे लिहिली. तिन्हींना एकच उत्तर आले आणि ते माणसाने लिहिलेले नव्हते.

“मामाजी, पत्र लिहून काई होत नाही आता,” माझी सून वैशाली म्हणाली. ती मलकापूरची. घरी बसून एका कंपनीची यंत्रे सांभाळते. माझा मुलगा मेहकरला शिक्षक आहे. “नवी जागा घेतो आपण. या डब्यातून त्या डब्यात टाकतो. बसा इथं.”

तिने काळी खिडकी उघडली. त्यात ना चित्र होते, ना बटण. एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायची. पण ती ओळ पाहून मला माझे तरुणपण आठवले, कारण ती तंतोतंत चांगल्या अर्जासारखी होती. प्रथम काय करायचे ते, मग कोणत्या अटींवर, मग कोठून, मग कोठे. एक शब्द पुढचा मागे झाला तर रिकामी जागा भरलेल्या जागेवर जाऊन बसेल आणि सारे पुसेल, असे तिने बजावले, तेव्हा मला त्या ओळीविषयी आदरच वाटला. इतकी काटेकोर भाषा मी न्यायालयाबाहेर कोठे पाहिली नव्हती. पहिल्यांदा जोडणी करताना ते यंत्र लांबलचक अक्षरांत आपली ओळख सांगते आणि विचारते, ही ओळख तुम्हांस मान्य आहे काय? मी वैशालीला म्हणालो, “ओळख पटवल्याशिवाय मान्य करू नये.”

“मामाजी, त्याची उलटतपासणी नका घेऊ. हो म्हना अन् पुढं चाला.”

मी तिला थांबवले. तिने सुस्कारा टाकून जुन्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ती लांबलचक अक्षरे काढली, आणि आम्ही दोघांनी रुजवात घेतली. ती वाचत होती, मी बोट ठेवून ऐकत होतो. जुळले. मग मी ‘हो’ लिहिले. इतक्या वर्षांनी मी रुजवात घेतली होती.

किती दिवस चालले ते! आमच्याकडची दुपारची वीज सर्वांस माहीत आहे. वीज गेली की कूलर निःश्वास टाकल्यासारखा थांबे आणि पडद्यावरची ओळ अर्ध्यावर तुटे. सुरुवातीला सारे गेले असे समजून मी वैशालीला हाक मारी. पण ती आज्ञाच अशी होती की पुन्हा दिली की यंत्र आधी दोन्हीकडचे तपासून पाही, जे गेले ते सोडून देई, आणि राहिले तिथून पुढे नेई. मला हे फार आवडले. आम्ही नक्कल अर्धवट टाकून घरी जात असू, तेव्हा दुसऱ्या दिवशी ओळ सापडण्यासाठी टाचणी लावून ठेवत असू. फायली जाताना त्यांची नावे वर सरकत. मी ती वाचत बसे. गिरजाबाई, पांदण, छायाचित्र. भिकाजी, विहिरीपासून पश्चिमेस. बाहेर वारा धूळ उडवत असे, अंगणात वैशालीने घातलेल्या कुरडया खडखडीत वाळत असत, आणि माझ्यासमोरून दोन तालुक्यांची माणसे एकेक करून या यंत्रातून त्या यंत्रात जात असत.

“हे झाल्यावर काही सांगत कसे नाही?” मी एकदा विचारले, कारण एक लहान आज्ञा पुरी होऊनही पडदा गप्प होता.

“काई बोललं नाही म्हंजे झालं. चुकलं तरच बोलते ते.”

“मौनाचा अर्थ संमती असा सर्वत्र करता येत नाही, वैशाली.”

“तुमच्यापेक्षा बरं हाय ना, मामाजी? तुमी तं बरोबर असलं तरी बोलता.”

मी हसलो. त्या वैशाखात मी हसल्याचे मला एवढेच आठवते.

शुक्रवारी दुपारी काम संपले, आणि यंत्र बोलले. काही फायली गेल्या नाहीत. त्यांची यादी त्याने दिली होती आणि प्रत्येकीपुढे एकच कारण होते: नाव फार लांब आहे. वैशालीने समजावून सांगितले. नवी जागा कुलूपबंद होती, आतील सारे सांकेतिक करून ठेवणारी. आणि अशा जागेत नावाला कमी लांबी मिळते. त्यातही मराठीचे एकेक अक्षर इंग्रजीच्या तिप्पट जागा घेते. मी यादी वाचू लागलो. पहिले नाव कैलासवासी. दुसरे कैलासवासी. तिसरे कैलासवासी. खाली खाली जात राहिलो. हयात माणसे सारी पलीकडे पोचली होती. मागे राहिले होते ते फक्त मेलेले, ज्यांचे निवेदन पुन्हा कोणालाही घेता येणार नव्हते. मी त्यांना मानाने लांब केले होते, म्हणून ते दारात अडवले गेले होते.

“दहा मिनिटांचं काम हाय,” वैशाली म्हणाली. “यायले एक, दोन, तीन असे नंबर देतो अन् पाठवतो. खरे नावं वहीत लिहून ठेवा.”

मी नाही म्हणालो. कैद्यांना क्रमांक असतात, असे काहीतरी बोललो. मराठी अक्षराची तिप्पट गणना हा भेदभाव आहे आणि त्याविरुद्ध लेखी हरकत घेतल्याखेरीज मी माघार घेणार नाही, असेही बोललो. मी स्वतः प्रत्येकाचे योग्य, आटोपशीर आणि आदरयुक्त नाव तयार करीन. दोन दिवस लागतील.

“दोन दिवस नाईत, मामाजी. परवा बारा वाजता बंद होते ते. मले उद्या मलकापूरले निघा लागते, भावाचं लगन हाय.”

“परवा रविवार आहे,” मी म्हणालो. “मुदतीचा अखेरचा दिवस सुट्टीचा असेल, तर पुढील कामकाजाच्या दिवशी केलेले कृत्य मुदतीतच केले असे समजले जाते. सोमवारी सकाळी पाठवू.”

तिने विचारले, “मशीनले रविवार असते का?”

मी तिला कलम सांगितले. ते कलम खरे आहे, आजही आहे. ते न्यायालयातील आणि कार्यालयातील कामांसाठी आहे, खाजगी कंपनीच्या यंत्रासाठी नाही, हे मला माहीत नव्हते असे नाही. चाळीस वर्षे मुदती मोजलेल्या माणसाला ते माहीत असणारच. पण त्या दिवशी मी रागात होतो, आणि रागात असलेल्या माणसाला आपल्याला हवे तेवढेच कलम आठवते. सासऱ्याचा शब्द म्हणून ती थांबली. जाताना तिने आज्ञेची ओळ कागदावर लिहून टेबलावर ठेवली. “नावं बदलले की हे लिहा अन् एंटर मारा. जमलं तं आजच मारा, मामाजी.”

शनिवारचा दिवस मी हरकतीचे पत्र लिहिण्यात घालवला. अकरा मुद्दे होते. रविवारी वहीत नावांस आरंभ केला. प्रत्येक नाव घेऊन बसलो की ते माणूस समोर येई, आणि कोणता शब्द गाळावा हे ठरायला रात्र झाली. सोमवारी सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून, मी ती ओळ कागदावरून अक्षर अक्षर पाहून लिहिली आणि एंटर दाबले. जोडणी नाकारण्यात आली. पुन्हा लिहिली. नाकारण्यात आली. सात वेळा लिहिली. ओळीत काहीही चूक नव्हती.

दुपारी मलकापूरहून वैशालीचा फोन आला. मागे सनई वाजत होती. मी झाले ते सांगितले. “जेवले का तुमी?” एवढेच तिने विचारले.

पुढच्या पंधरवड्यात सुलतानपूरच्या सुमनबाई आल्या. त्यांच्या शेताकडे जाणारी पांदण शेजारच्या जमीनधारकाने त्याच उन्हाळ्यात नांगरून टाकली होती. दुसरी वाट नव्हती. पेरणी तोंडावर होती, आणि बैलगाडी, बी, खत, काहीही शेतात नेता येत नव्हते. तहसीलदारांपुढे सुनावणी लागली होती. त्यांचे चुलतसासरे संपतराव यांनी मला चार वर्षांपूर्वी, कसलाही वाद नसताना, त्या वाटेची सारी हकीकत सांगितली होती, हे त्यांना ठाऊक होते. “दादा, थो बुढ्याचा आवाज देता का? तेवढाच पुरावा हाय माह्याजवळ.”

मी त्यांना पाणी दिले. मग खरे ते सांगितले. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

“आवाज गेला,” त्या म्हणाल्या, “पन आयकनारा तं हाय ना? तुमी आयकलं होतं. या मंग साक्षीले.”

मी आयुष्यभर साक्षींच्या नकला केल्या. साक्षीदाराच्या जागी उभा कधी राहिलो नव्हतो. त्या उकाड्यात, तहसीलदारांच्या गर्दीने भरलेल्या दालनात, मी शपथ घेतली आणि संपतरावांचे बोलणे आठवेल तसे सांगू लागलो. माझ्या भाषेत ते येईना. अखेर मी त्यांच्याच भाषेत बोललो: “माह्या बापाची गाडी याच पांदनीनं जाये. दोन गाड्या आमोरासमोर आल्या तं एकाले निंबाखाली थांबा लागे. मीबी थांबलो, माहे पोरंबी थांबले.” दालनात कोणी हसले नाही. निंबाखाली कोणाची गाडी थांबली आणि त्यावरून कसे भांडण झाले, हे संपतरावांनी सांगितले होते, तेही मला आठवले आणि मी सांगितले.

मग विरुद्ध बाजूचे वकील उठले. तरुण होते, सभ्य होते.

“आपण म्हणता ते ध्वनिमुद्रण कोठे आहे?”

“नष्ट झाले.”

“कशामुळे?”

माझ्या खिशात त्या अकरा मुद्द्यांच्या पत्राची प्रत होती. कंपनीचे नाव, नवी जागा देणाऱ्यांचे नाव, अक्षरांच्या गणनेचा अन्याय, सारे त्यात होते. तहसीलदारसाहेब लेखणी थांबवून पाहत होते. सुमनबाई भिंतीशी उभ्या होत्या.

“माझ्या विलंबामुळे,” मी म्हणालो. “मुदत रविवारी संपत होती. मला ती मान्य नव्हती.”

“म्हणजे मुदत आपणांस माहीत होती?”

“होती.”

ते तसेच लिहून घेतले गेले. मला वाचून दाखवले. मी सही केली.

वाट मोकळी करून देण्याचा हुकूम झाला. पुढे अपील झाले, ते अद्याप चालू आहे. पण त्या वर्षीची पेरणी सुमनबाईंनी वेळेत केली, आणि तेव्हापासून त्यांची गाडी त्या वाटेने जाते. मला अभिनंदनाचे दोन फोन आले. मला त्यात अभिनंदन करण्यासारखे काही दिसले नाही. त्या यादीत एकटे संपतराव नव्हते.

वैशालीने त्यानंतर एक काम सुरू केले आणि ते या वैशाखातही चालू आहे. दुपारची जेवणे झाली की ती फोन माझ्यासमोर ठेवते आणि यादीतले एक नाव वाचते. मला त्या माणसाचे जेवढे आठवते, तेवढे मी सांगतो. कुठे बसलो होतो, काय म्हणाला, वाट कुठून कुठे सांगितली. ध्वनिमुद्रण झाले की ती त्याला क्रमांक देते आणि लगेच दोन ठिकाणी पाठवून देते. मी त्या क्रमांकाबद्दल काही म्हणत नाही.

काल यमुनाबाईंचे नाव निघाले. मला त्यांचे गोंदलेले हात आठवले. गुळाचा चहा आठवला. शेळी सारखी खाटेला धडका देत होती आणि त्या तिला “मर माय” म्हणत होत्या, तेही आठवले. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत ओंजळभर बोरे टाकली होती. पण वाट? विहिरीच्या अंगाने, की नाल्याच्या? मी डोळे मिटून बसलो. कूलरचे पाणी टपटपत होते.

“राहू द्या, मामाजी. उद्या पाहू,” वैशाली फोनकडे हात नेत म्हणाली.

“बंद करू नकोस,” मी म्हणालो. मग मी सरळ बसलो, घसा साफ केला, आणि त्या चालू फोनला सांगितले की यमुनाबाईंनी मला त्यांची वाट संपूर्ण सांगितली होती, आणि मला ती आठवत नाही.